घटक ३ : विभागप्रमुख आणि सहकाऱ्यांचा वेळ

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• महाविद्यालय व विद्यापीठ यांतील विभागप्रमुखाच्या अधिकाराचे वेगळेपण सांगणे.
• फर्ग्युसन महाविद्यालयातील आजीव सदस्यांच्या वादामागील मूळ प्रश्न स्पष्ट करणे.
• अध्यापकाच्या कार्यभाराचे घटक ओळखून त्यांच्या न्याय्य वाटपाचा विचार करणे.
• मुक्त विद्यापीठातील शैक्षणिक नेतृत्व पारंपरिक विभागाहून कसे भिन्न असते, ते सांगणे.
• विभागीय बैठकीचा निर्णय इतिवृत्ताच्या भाषेत लिहिणे.

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण सूचना, कार्यसूची आणि इतिवृत्त या कार्यालयीन लेखनप्रकारांचे स्वरूप पाहिले. हे लेखन कोणासाठी आणि कशासाठी केले जाते, हे समजल्याखेरीज त्याचे नमुने पाठ करण्यास फारसा अर्थ नाही. म्हणून या घटकात आपण एका विशिष्ट कार्यक्षेत्राकडे, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थेतील विभागाकडे वळणार आहोत.

कारखान्यातील पर्यवेक्षक कामगाराला काम नेमून देतो. कचेरीतील वरिष्ठ अधिकारी आपल्या हाताखालील लिपिकाला लेखी आदेश देऊ शकतो. मराठी विभागाच्या प्रमुखाची स्थिती मात्र निराळी असते. त्याचे सहकारी त्याच्याइतकेच शिकलेले, कित्येकदा त्याच्याहून वयाने आणि व्यासंगाने मोठे असतात. कालपर्यंत तो त्यांच्याच रांगेत बसत होता. अनेक विद्यापीठांत हे पद ठरावीक मुदतीसाठी आळीपाळीने दिले जाते, त्यामुळे उद्या तो पुन्हा त्याच रांगेत जाऊन बसणार असतो. त्याला कोणाचे वेतन वाढविता येत नाही की कोणाला सेवेतून दूर करता येत नाही. तरीही वेळापत्रक लागले नाही, प्रश्नपत्रिका वेळेवर गेली नाही किंवा निकाल रखडला, तर पहिला जाब त्यालाच विचारला जातो.

अशा प्रमुखाच्या हाती प्रत्यक्षात एकच मोठी गोष्ट असते, ती म्हणजे सहकाऱ्यांच्या वेळेचे वाटप. कोणी कोणते तास घ्यावेत, सकाळचा पहिला तास कोणाच्या वाट्याला जावा, परीक्षेचे काम कोणी करावे आणि अध्यापकाचा उरलेला वेळ कोणाचा, या प्रश्नांवर विभाग जुळतो किंवा दुभंगतो. हे वाटप उघडपणे, चर्चेने आणि लेखी नियमाने झाले तर प्रमुखाचा अधिकार सहकारी मनापासून मानतात. ते मर्जीने झाले तर पद उरते, अधिकार उरत नाही. या घटकाचे हेच मुख्य सूत्र आहे.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ आजीव सदस्यांचा वाद

महाराष्ट्रात या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी पुण्यात लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. आपटे हे त्याचे पहिले प्राचार्य होते.

या संस्थेचे वैशिष्ट्य तिच्या रचनेत होते. तेथे शिकविणारे अध्यापक हेच संस्थेचे आजीव सदस्य होते. वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा त्यांनी केलेली होती. सरकारी नोकरीत सहज मिळाले असते त्याहून पुष्कळ कमी, म्हणजे महिना ७५ रुपयांच्या आसपास वेतन ते घेत. कारभार आजीव सदस्य एकत्र बसून ठरवीत. प्राचार्यपद होते, परंतु प्राचार्य हा इतरांचा धनी नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे तर समानांमधील पहिला, एवढेच त्याचे स्थान होते.

संस्था वाढू लागली तसा प्रश्न उभा राहिला. सदस्यांचे संसार वाढले होते, वेतन मात्र अपुरे होते. वेतनवाढीचा विचार पुढे आला तेव्हा टिळकांनी त्यास विरोध केला. त्याहून अवघड प्रश्न बाहेरच्या कामाचा होता. वर्गातील काम संपल्यावर अध्यापकाने पुस्तके लिहावीत का, वृत्तपत्र चालवावे का, सार्वजनिक संस्थेचे पद घ्यावे का आणि त्यातून मिळालेले उत्पन्न कोणाचे? टिळकांची भूमिका अशी होती की, ज्याने आजीव सेवेची प्रतिज्ञा केली त्याने आपला सारा वेळ आणि शक्ती संस्थेला द्यावी. आगरकर आणि त्यांच्या बाजूचे सदस्य यांचे म्हणणे असे की, नेमलेले काम चोख केल्यावर उरणारा वेळ अध्यापकाचा स्वतःचा आहे. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले होते. टिळकही वृत्तपत्राच्या कामात गुंतलेले आहेत, याकडे त्यांचे विरोधक बोट दाखवीत. १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा मतभेद टोकाला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला.

हा वाद आपण सहसा टिळक आणि आगरकर यांच्या सामाजिक व राजकीय मतभेदाचा एक भाग म्हणून वाचतो, आणि ते खोटे नाही. पण विभागाच्या कामकाजाचा विद्यार्थी म्हणून पाहिले, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही बाजूंची माणसे त्यागी होती, विद्वान होती, एकाच ध्येयासाठी एकत्र आलेली होती. तरी त्यांच्यात फूट पडली. याचे एक कारण असे की, ‘आजीव सेवा’ या शब्दांत दिवसाचे किती तास येतात, याविषयी आरंभी सर्वांची समजूत एक नव्हती. उत्साहाच्या काळात असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो थकव्याच्या आणि टंचाईच्या काळात. आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

३.२.२ राजीनाम्यानंतरचा वर्ग

एक अध्यापक गेला तरी त्याचा वर्ग जात नाही. टिळक गणित शिकवीत. त्यांच्या जाण्यानंतर १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे गणिताच्या अध्यापनासाठी फर्ग्युसनमध्ये आले. पुढे कर्वे आजीव सदस्यही झाले आणि १९१४ पर्यंत त्यांनी तेथे काम केले. याच काळात, १८९६ मध्ये, त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि नंतर हिंगण्याला त्याचा विस्तार केला. ज्या ‘उरलेल्या वेळे’वरून आधीची पिढी दुभंगली होती, त्याच वेळेतून एक नवी संस्था उभी राहिली.

दरम्यान १८९२ मध्ये आपटे यांच्या निधनानंतर आगरकर प्राचार्य झाले. दम्याच्या विकाराने ते खचत गेले आणि १८९५ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, प्राचार्यपदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

१९०२ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य झाले. त्यांचे वय तेव्हा सव्वीस होते. केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते १८९९ मध्ये सर्वप्रथमांच्या मानाचे मानकरी ठरले होते. त्यांच्या हाताखाली जे अध्यापक होते, त्यांत कर्वेही होते. परांजपे लहानपणी ज्यांच्या आश्रयाने शिकले, तेच हे कर्वे; वयाने अठरा वर्षांनी मोठे. अशा ठिकाणी पदाची उतरंड फारशी उपयोगी पडत नाही. तरुण प्रमुखाला वडीलधाऱ्या सहकाऱ्याचा मान राखून त्याच्याकडून काम घ्यावे लागते आणि ज्येष्ठ सहकाऱ्याला आपण वाढविलेल्या मुलाचा अधिकार मान्य करावा लागतो. आपल्या महाविद्यालयांत आजही अनेक विभागप्रमुख आपल्या गुरूंचे ‘प्रमुख’ असतात. हा प्रसंग म्हणूनच केवळ इतिहासाचा नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य कोण होते?
२. आजीव सदस्य किती वर्षांच्या सेवेची प्रतिज्ञा करीत?
३. १८९१ मध्ये गणिताच्या अध्यापनासाठी फर्ग्युसनमध्ये कोण आले?
(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. टिळकांच्या मते वर्गाबाहेरचा वेळ अध्यापकाच्या स्वतःच्या मालकीचा होता.
२. परांजपे प्राचार्य झाले तेव्हा कर्वे त्याच महाविद्यालयात अध्यापक होते.

३.२.३ नाशिकचा अनुभव

गोखले यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांच्या नावाने गोखले एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. या संस्थेने १९२४ मध्ये नाशिकला महाविद्यालय सुरू केले. पुढे ते हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. नाशिककर त्याला आजही ‘एचपीटी’ म्हणतात. त्या काळी उत्तर महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला पदवीसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या महाविद्यालयाचे महत्त्व ध्यानात येते.

याच महाविद्यालयात वसंत कानेटकर प्राध्यापक होते. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे त्यांचे नाटक १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. नाटककार म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले, ते वर्गात शिकवीत असतानाच. फर्ग्युसनमधील जुना प्रश्न येथे पुन्हा विचारता येतो : नाटक लिहिणारा अध्यापक महाविद्यालयाचा वेळ बाहेर देतो, की महाविद्यालयाला काही मिळवून देतो? मराठीच्या विभागापुरते बोलायचे तर दुसरे उत्तर अधिक खरे वाटते. ज्याने संवाद लिहिला आहे, त्याने वर्गात नाटक शिकविणे वेगळे असते. पण हे उत्तर खरे ठरण्यासाठी एक अट आहे. त्या अध्यापकाचा तास बुडता कामा नये, आणि तो बुडू नये म्हणून कोणा गरीब सहकाऱ्यावर त्याचे ओझे निमूटपणे पडता कामा नये. ही अट पाळली जाते की नाही, हे पाहणे प्रमुखाचे काम आहे.

३.२.४ चाळीस तासांचा हिशेब

अध्यापक आठवड्याला सोळाच तास शिकवितो, मग उरलेल्या वेळात काय करतो, असा प्रश्न आपण ऐकला असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्ण वेळ अध्यापकाचा कार्यभार वर्षातील ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापन-दिवस, आठवड्याला ४० तासांहून कमी नसावा. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकासाठी १६ तास, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांच्यासाठी १४ तास ठरविले आहे. उरलेल्या २४ किंवा २६ तासांत पाठाची तयारी, उत्तरपत्रिका, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन, संशोधन, समित्या, प्रवेश आणि मूल्यांकनाची कागदपत्रे हे सारे येते. वेळापत्रकावर फक्त १६ किंवा १४ तास दिसतात. विभागातील बहुतेक कुरबुरी मात्र न दिसणाऱ्या तासांवरून होतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मराठी विभागाचा साप्ताहिक कार्यभार ४८ तासांचा आहे. विभागात एक सहयोगी प्राध्यापक असून तेच प्रमुख आहेत. एक सहायक प्राध्यापक आहेत. दोघांचे मिळून १४ + १६ = ३० तास होतात. उरलेले १८ तास तासिका तत्त्वावरील दोन अध्यापकांना प्रत्येकी ९ असे दिले आहेत. नियमित अध्यापकांना मासिक वेतन आहे. तासिका अध्यापकांना जितके तास घेतले तितक्याचेच मानधन आहे.

आता परीक्षा आली. पर्यवेक्षण, अंतर्गत गुणांच्या याद्या, मूल्यांकन समितीसाठी छायाचित्रांसह अहवाल, अशी कामे निघाली. नियमित अध्यापकांच्या चाळीस तासांत ही कामे धरलेलीच आहेत. तासिका अध्यापकांच्या नऊ तासांत ती कोठेच नाहीत. तरीही प्रत्यक्षात ती बहुधा त्यांच्याकडेच जातात. कारण पुढील वर्षीची नेमणूक प्रमुखाच्या शब्दावर अवलंबून आहे, असे त्यांना वाटते आणि म्हणून ते ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. ज्येष्ठ अध्यापक नकार देऊ शकतो, म्हणून त्याला विचारले जाते. कनिष्ठ देऊ शकत नाही, म्हणून त्याला सांगितले जाते.

प्रमुखाच्या नेतृत्वाची खरी परीक्षा येथे होते. तो तासिका अध्यापकांचे मानधन वाढवू शकत नाही. परंतु तीन गोष्टी त्याच्या आवाक्यात असतात. पहिली, न दिसणाऱ्या कामांची यादी करून ती सर्वांसमोर ठेवणे. दुसरी, नियमित अध्यापकांनी, आणि त्यांत स्वतःने आधी, त्या कामांचा वाटा उचलणे. तिसरी, तासिका अध्यापकांकडून जे जास्तीचे काम घ्यावे लागते त्याची नोंद करून मोबदल्याची लेखी मागणी प्राचार्यांकडे करणे. मागणी मान्य होईलच असे नाही. पण ती कागदावर राहते, आणि पुढच्या प्रमुखाला ती नव्याने शोधावी लागत नाही.

३.२.५ मुक्त विद्यापीठातील नेतृत्व

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे झाली. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे अध्यापक होते आणि त्यापूर्वी त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य आहे. गंगापूर धरणाच्या परिसरातील विद्यापीठाच्या इमारतींत पदवीचे रोजचे वर्ग भरत नाहीत. मग येथे विद्याशाखेचा संचालक नेतृत्व करतो ते कोणाचे?

आपल्या हातातील या पुस्तकाचेच उदाहरण घेऊ. असे पुस्तक तयार होताना लेखक, विषयाचे संपादक, अध्ययनाच्या दृष्टीने मांडणी पाहणारे संपादक, भाषा तपासणारे आणि छपाईची व्यवस्था पाहणारे अशा अनेकांचे हात लागतात. लेखक बहुधा दुसऱ्याच महाविद्यालयातील अध्यापक असतात आणि आपल्या फावल्या वेळात लिहितात. अभ्यासकेंद्रावरील समंत्रकही आठवडाभर आपली नोकरी करून सुटीच्या दिवशी संपर्कसत्र घेतात. म्हणजे मुक्त विद्यापीठाचा मोठा भाग उरलेल्या वेळेवर उभा आहे. आणि ज्यांच्या वेळेवर तो उभा आहे, त्यांच्यावर संचालकाचा सेवेतील अधिकार चालत नाही.

अशा वेळी कामाची मुदत आधी सांगणे, घटकाची व्याप्ती स्पष्ट लिहून देणे, मजकुरात केलेले बदल लेखकाला कळविणे आणि मोबदला वेळेवर देणे, हेच नेतृत्व ठरते. यात कसूर झाली तर तिची झळ शेवटी विद्यार्थ्याला लागते. मनमाडहून किंवा सुरगाण्याहून सुटीच्या दिवशी बसने आलेल्या विद्यार्थिनीला संपर्कसत्र रद्द झाल्याचे केंद्राच्या दारात समजावे, याचा अर्थ तिचा दिवस कोणी तरी न विचारता खर्च केला, असा होतो. विभागाच्या कामकाजात सहकाऱ्यांच्या वेळेबरोबर विद्यार्थ्यांचा वेळही मोजावा लागतो. नोकरी, शेती आणि घर सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

३.२.६ निर्णयाची भाषा

वेळेच्या वाटपाचा निर्णय कोणत्या भाषेत लिहिला जातो, यालाही महत्त्व आहे. पुढील दोन नमुने पाहा.

नमुना (अ) : “सर्व अध्यापकांनी परीक्षेच्या कालावधीत पूर्ण वेळ उपस्थित राहावे. कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.”

नमुना (आ) : “ठराव क्र. ३. प्रथम वर्षाच्या सत्रपरीक्षेचे पर्यवेक्षण. चर्चेअंती असे ठरले की, विभागप्रमुखांसह नियमित अध्यापकांनी प्रत्येकी चार व तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी प्रत्येकी दोन सत्रांचे पर्यवेक्षण करावे. तासिका अध्यापकांना या कामाचे मानधन मिळावे, यासाठी विभागप्रमुखांनी आठ दिवसांत प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी. ठराव सर्वानुमते संमत.”

पहिल्या नमुन्यात ‘सर्व’ हा शब्द समानतेचा आभास निर्माण करतो; प्रत्यक्षात कोणी किती काम करायचे, ते कळत नाही. दुसऱ्या वाक्यात सहकाऱ्यांविषयीचा अविश्वास आधीच गृहीत धरलेला आहे. दुसऱ्या नमुन्यात संख्या आहे, मुदत आहे आणि प्रमुखावर टाकलेली जबाबदारीही आहे. ‘चर्चेअंती असे ठरले’ हे शब्द मात्र खरी चर्चा झाली असेल तरच लिहावेत. झालेल्या मतभेदाची नोंदही इतिवृत्तात असावी. मतभेद नोंदविल्याने विभागाची अप्रतिष्ठा होत नाही. तो दडपल्याने मात्र होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
रिकाम्या जागा भरा.
१. २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला ……… तास असते.
२. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ……… हे होते.
३. अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र घेणाऱ्या अध्यापकास ……… म्हणतात.

३.३ सारांश

विभागप्रमुख हा समानांचा प्रमुख असतो. शिक्षा किंवा बक्षीस देण्याची साधने त्याच्याकडे नसतात. सहकाऱ्यांच्या वेळेचे वाटप मात्र असते. फर्ग्युसनमधील आजीव सदस्यांचा वाद अध्यापकाच्या उरलेल्या वेळेवर कोणाचा हक्क, या प्रश्नाभोवती वाढला. कर्वे आणि कानेटकर यांच्या उदाहरणांवरून त्या वेळेतून समाजाला काय मिळू शकते, ते दिसते. आजच्या विभागात न दिसणारे काम बहुधा सर्वांत दुर्बल सहकाऱ्यावर पडते. ते दृश्य करणे, त्यात स्वतः वाटा उचलणे आणि त्याची लेखी नोंद ठेवणे हे प्रमुखाचे कर्तव्य आहे. मुक्त विद्यापीठात अधिकार आणखी विरळ असल्यामुळे स्पष्ट व वेळेवर केलेला पत्रव्यवहार हेच नेतृत्वाचे मुख्य साधन ठरते.

३.४ पारिभाषिक शब्द

आजीव सदस्य : दीर्घ मुदतीच्या सेवेची प्रतिज्ञा करून संस्थेच्या कारभारात सहभागी होणारा अध्यापक.
कार्यभार : अध्यापकाने करावयाच्या एकूण कामाचे प्रमाण.
तासिका तत्त्व : घेतलेल्या तासांनुसार मानधन देण्याची पद्धत.
इतिवृत्त : बैठकीत झालेली चर्चा व निर्णय यांची अधिकृत लेखी नोंद.

३.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ (अ) १. वामन शिवराम आपटे हे पहिले प्राचार्य होते. २. आजीव सदस्य वीस वर्षांच्या सेवेची प्रतिज्ञा करीत. ३. धोंडो केशव कर्वे आले. (आ) १. चूक २. बरोबर
प्रश्न – २ १. १६ २. डॉ. राम ताकवले ३. समंत्रक

३.६ स्वाध्याय

१. ‘टिळक आणि आगरकर या दोघांच्याही भूमिकेत तथ्य होते.’ अध्यापकाच्या वेळेच्या प्रश्नासंदर्भात या विधानाची चर्चा करा.
२. पारंपरिक महाविद्यालयातील विभागप्रमुख आणि मुक्त विद्यापीठातील संचालक यांच्या कामातील साम्यभेद लिहा.
३. नमुना (अ) मधील सूचना सहकाऱ्यांचा मान राखून, पण तितक्याच स्पष्टपणे पुन्हा लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : आपण जेथे काम करता तेथील (शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, दुकान किंवा स्वतःचे घर) आठवडाभराच्या अशा कामांची यादी करा, जी कोणाच्याही वेळापत्रकात नाहीत, पण कोणी तरी करतेच. ती कोण करते, ते प्रत्येक कामापुढे लिहा. यादी पूर्ण झाल्यावर ती एकदा त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिचे म्हणणे इतिवृत्ताच्या भाषेत दहा ओळींत नोंदवा.